काडतुसाची ताकद मोजायची कशी? ९ एमएम, .३२, .३८, .४५ चा गोंधळ

सातारी बाबा

नमस्कार मंडळी. मुलगी बारावीला आहे, दोन वर्षं दहा मीटर एअर पिस्तुल मारत होती, आता कोचनी तिला पंचवीस मीटरच्या .२२ वर घेतलंय. गेल्या रविवारी तिला घेऊन बालेवाडीला गेलो होतो, तिथे चहा पिताना दोन सीनियर नेमबाजांचा वाद चालला होता. एक म्हणत होते .४५ ला तोड नाही, दुसरे म्हणत होते ते दिवस गेले, आता जगात सगळीकडे ९ एमएम. आम्ही नुसते ऐकत बसलो. येताना खंबाटकी चढत असताना मुलगी म्हणाली, बाबा ३२ हा आकडा ९ पेक्षा मोठा, मग ३२ ची गोळी ९ पेक्षा बारीक कशी? आणि ४५ जर जास्त ताकदवान तर जगभरचे पोलीस ९ का वापरतात?

मला काहीच सांगता आलं नाही. घरी येऊन नेटवर बसलो तर ग्रेन, फूट-पाउंड, पीएसआय, प्रत्येक जण वेगळाच आकडा पुढे करतोय आणि प्रत्येकाच्या आकड्यात वेगळंच काडतूस पहिलं येतंय. मला हत्यार घ्यायचं नाहीये, परवान्याबद्दल पण विचारत नाहीये. मुलगी ज्या खेळात उतरलीये त्याच्या साधनाबद्दल तिला बापाने नीट सांगावं एवढंच मनात आहे. जाणकारांनी प्लीज सविस्तर लिहा.

खडकीकर काका

तुमच्या मुलीचा प्रश्न अगदी बरोबर आहे, तिला शाबासकी द्या. मी खडकीच्या दारूगोळा कारखान्यात ३४ वर्षं काढली (कारखाना १८६९ चा, आता म्युनिशन्स इंडियाकडे आहे, जुने लोक नुसतं 'केएफ' म्हणतात), तेव्हा मला येतं तेवढं सांगतो.

आधी शब्द नीट करू. लोक सगळ्यालाच गोळी म्हणतात. आख्खी वस्तू म्हणजे काडतूस. त्यात चार गोष्टी, पितळी पुंगळी, तिच्या बुडाला टोपी म्हणजे प्रायमर, आत दारू, आणि तोंडाशी बसवलेली गोळी. नळीतून पुढे जाते ती फक्त गोळी, पुंगळी मागेच राहते. पेपरात 'घटनास्थळी चार पुंगळ्या सापडल्या' वाचता ना, त्या ह्या.

आता ३२ आणि ९. .३२ म्हणजे शून्य पॉइंट बत्तीस इंच, बोलताना लोक पॉइंट खाऊन टाकतात. एका इंचाचे २५.४ मिलिमीटर, म्हणजे .३२ झाली साधारण ८ मिलिमीटर. ९ एमएम ही ९ मिलिमीटरच. .४५ म्हणजे ११.४ च्या आसपास. एकाच मापात आणलं की क्रम सरळ लागतो.

पण .३८ मध्ये फसायला होतं. .३८ स्पेशलची गोळी प्रत्यक्षात ०.३५७ इंच असते, म्हणजे तीही ९ मिलिमीटरच! नाव आलंय पुंगळीच्या बाहेरच्या व्यासावरून, तो ०.३८ च्या जवळ जातो. जुन्या काळी गोळी आणि पुंगळी बाहेरून सारख्याच जाडीच्या असायच्या, पुढे पद्धत बदलली पण नाव तेच राहिलं. म्हणून ९ एमएम, .३८ स्पेशल आणि .३५७ मॅग्नम या तिघांच्या गोळ्यांची जाडी जवळपास एक, ताकदीत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

आणि आपल्याकडे .३२ म्हणजे दोन वेगळी काडतुसं आहेत हे लक्षात ठेवा. रिव्हॉल्व्हरचं .३२ लाँग वेगळं, पिस्तुलाचं .३२ एसीपी (ऑटोमॅटिक कोल्ट पिस्तुल) वेगळं. एकाचं दुसऱ्यात घालायचं नसतं. कानपूरच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पहिलं लागतं, इशापूरच्या पिस्तुलात दुसरं.

सराफ कट्टा

काका एकदम मस्त. ग्रेनबद्दल मी सांगतो, कारण तो आमच्या धंद्यातला शब्द आहे. ब्रिटिशांनी १८३३ मध्ये आपला तोळा पक्का केला तो १८० ग्रेनचा, तोच हा ग्रेन. म्हणजे जुना तोळा ११.६६ ग्रॅम (आत्ता लोक १० ग्रॅमला तोळा म्हणतात तो नाही, आजीच्या पाटल्यांचा जुना तोळा). यावरून बघा, .४५ ची गोळी २३० ग्रेन म्हणजे सव्वा तोळ्याच्या किंचित वर. ९ एमएमची ११५ ग्रेन, पाऊण तोळाही भरत नाही. .३२ लाँगची ९८ ग्रेन, अर्ध्या तोळ्याला थोडी जास्त. .२२ ची ४० ग्रेन, पाव तोळ्याच्याही आत.

वजनाने .४५ ची गोळी ९ एमएमच्या बरोबर दुप्पट आहे हे मला आत्ता लिहिता लिहिता कळलं.

भौतिक गुरुजी

सांगलीला अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवतो. सातारी बाबा, मुलगी बारावीला आहे म्हणजे हे तिच्याच पुस्तकातलं आहे, तिला वही घेऊन बसवा.

ताकद हा शब्द फिजिक्समध्ये चालत नाही, इथे निदान दोन राशी आहेत. एक गतिज ऊर्जा, अर्धं वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग. दुसरा संवेग, नुसतं वस्तुमान गुणिले वेग. ऊर्जेत वेगाचा वर्ग येतो म्हणून वेग दुप्पट केला की ऊर्जा चौपट होते, वजन दुप्पट केलं तर फक्त दुप्पट. वाद नेमका इथेच लागतो.

नेहमीच्या कारखानी काडतुसांचे आकडे घेतो, ठोकळमानाने, कारण कंपनीप्रमाणे आणि नळीच्या लांबीप्रमाणे बदलतात:

.२२ (पिस्तुलातून) : २.६ ग्रॅम, सेकंदाला ३०५ मीटर, १२० जूल
.३२ लाँग : ६.३५ ग्रॅम, २१५ मीटर, १४५ जूल
.३२ एसीपी : ४.६ ग्रॅम, २७५ मीटर, १७५ जूल
.३८ स्पेशल : १०.२ ग्रॅम, २३० मीटर, २७० जूल
.४५ एसीपी : १४.९ ग्रॅम, २५३ मीटर, ४७५ जूल
९ एमएम : ७.४५ ग्रॅम, ३६० मीटर, ४८० जूल
.३५७ मॅग्नम : १०.२ ग्रॅम, ३७६ मीटर, ७२० जूल
.४४ मॅग्नम : १५.५ ग्रॅम, ४११ मीटर, १३०० जूल

९ एमएम आणि .४५ बघा, ऊर्जा जवळजवळ सारखीच! एक हलकी आणि वेगवान, दुसरी जड आणि संथ. पण संवेग काढला तर ९ एमएमचा २.७ येतो आणि .४५ चा ३.८. म्हणजे चहाच्या टेबलावर ते दोघंही बरोबर होते, एक जण ऊर्जा बघत होता, दुसरा संवेग. आयपीएससी नावाचा जो ॲक्शन नेमबाजीचा खेळ आहे तिथे 'पॉवर फॅक्टर' काढतात तो संवेगावरच, गोळीचं ग्रेनमधलं वजन गुणिले फुटातला वेग, भागिले हजार. १२५ च्या वर मायनर, स्टँडर्ड गटात १७० च्या वर मेजर. साधं ९ एमएम १३५ च्या आसपास जातं, .४५ जातं १९० ला.

वऱ्हाडी अभ्या

गुरुजी पण जूल म्हणजे नेमकं किती हे डोळ्यापुढे येत नाही ना. १२० जूल म्हणजे लय की कमी?

भौतिक गुरुजी

@वऱ्हाडी अभ्या, मी वर्गात क्रिकेटचा बॉल घेतो. बॉल १६० ग्रॅम धरा, बॉलरने ताशी १४० किलोमीटरने टाकला म्हणजे सेकंदाला ३८.९ मीटर. करा गणित, ऊर्जा येते १२१ जूल. म्हणजे .२२ च्या गोळीएवढीच! संवेग काढला तर ६.२, म्हणजे .४५ पेक्षा कितीतरी जास्त, जवळपास .४४ मॅग्नमएवढा.

पण तो बॉल बॅट्समन पॅडवर घेतो, बरगडीला लागला तर काळानिळा होतो, पण बॉल आत शिरत नाही. कारण बॉलचं तोंड ७२ मिलिमीटरचं आणि गोळीचं साडेपाच. क्षेत्रफळात दीडशेपटीहून जास्त फरक. तेवढीच ऊर्जा इवल्याशा जागेवर आली की ती भोक पाडते. म्हणून तिसरी गोष्ट धरावी लागते, ऊर्जा किती जागेवर येते, गोळी टोकदार आहे की चपटी, आत गेल्यावर फुलते की तशीच राहते.

आणि सिनेमात गोळी लागली की माणूस मागे उडून काच फोडून पडतो, ते विसरा. ९ एमएमचा सगळा संवेग ७० किलोच्या माणसाला दिला तरी त्याला वेग मिळतो सेकंदाला चार सेंटिमीटर. शिवाय मारणाऱ्याच्या हातालाही तेवढाच धक्का बसतो की, तो कुठे उडतो?

पुणेरी आजोबा

वाचतोय. उत्तम धागा.

निवृत्त एपीआय

३१ वर्षं पोलिसात होतो. सुरुवातीला कमरेला .३८० चं वेब्ली रिव्हॉल्व्हर, नंतर ९ एमएम पिस्तुल, इशापूरचं, १३ गोळ्यांचं मॅगझिन. इथे एक सांगतो, आमचं ते .३८० आणि वर आलेलं .३८ स्पेशल ही दोन वेगळी काडतुसं. .३८० जड आणि फार संथ, दोनशे जूलच्या आसपास, कागदावर ९ एमएमच्या निम्मंही नाही.

पण गुरुजी, माझा अनुभव असा की हातात काय आहे हा प्रश्न पुढचा, वार्षिक फायरिंगला गोळी हवी तिथे लावणंच निम्म्याहून जास्त माणसांना जमत नव्हतं. रिव्हॉल्व्हरचा चाप जड, डबल ॲक्शनने (घोडा आधी न चढवता) ओढला की नळी खाली जायची आणि २५ यार्डावरचा पुतळा कोरा. ९ एमएम आल्यावर झटका जास्त असूनही नेम सुधारले कारण चाप हलका, मूठ चांगली. ज्या काडतुसाचा झटका आवरत नाही, त्याची ताकद त्या माणसाच्या काही कामाची नाही. ड्यूटीवर माणसावर एकदाही गोळी झाडावी लागली नाही, त्याचं मला समाधान आहे.

मिरजेचा डॉक्टर

एपीआय साहेबांशी शंभर टक्के सहमत. सर्जन आहे, गोळी लागलेले पेशंट बघितलेत, फार नाही पण बघितलेत. रात्री फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न असतो गोळी कुठल्या बाजूला गेली, कुठल्या बोअरची म्हणजे किती जाडीची होती हा नसतो. पिस्तुलाच्या वेगाला मुख्यतः गोळी ज्या वाटेने जाते तेवढीच वाट फाटते, आजूबाजूचं मांस ताणलं जातं पण बरंचसं परत जागेवर येतं. रायफलचं तसं नसतं, तिथे वेग दुपटीहून जास्त असतो आणि आजूबाजूलाही नासधूस होते. एके-४७ ची गोळी दोन हजार जूलची, जुन्या .३०३ ची तीन हजाराच्या वर. त्यांच्यापुढे ९ आणि .४५ मधला फरक काहीच नाही. कातडीवरचं भोक बघून बोअर सांगता येत नाही, कातडी लवचिक असते, मोठ्या गोळीचं भोकही आखडून लहान दिसतं.

आणि एक कळकळीने. .२२ किंवा .३२ ला 'किरकोळ' म्हणू नका. १२० जूल कागदावर कमी दिसतात, पण ती गोळी जीव घेते.

ऑस्टिनकर

टेक्सासमध्ये राहतो, इथे रेंजवर भाड्याने वेगवेगळी हत्यारं मिळतात त्यामुळे यादीतलं जवळपास सगळं मारून बघितलंय. झटक्याबद्दल लिहितो.

.२२ म्हणजे टाळी वाजवल्यासारखं. ९ एमएमचा झटका चटकन, टुचकन बसतो. .४५ चा वेगळाच, मनगटाला हळू ढकलल्यासारखा, मला तर तो जास्त सुखाचा वाटतो. .३५७ हे .३८ चंच थोरलं भावंड, १९३५ चं, पुंगळी तीनेक मिलिमीटर लांब ठेवलीये ती मुद्दाम, चुकून .३८ च्या कमजोर रिव्हॉल्व्हरमध्ये बसू नये म्हणून. उलटं चालतं, .३५७ च्या रिव्हॉल्व्हरमध्ये .३८ स्पेशल आरामात मारता येतं, आणि दोन्ही पाठोपाठ मारली की फरक हाताला लगेच कळतो. .४४ मी सहा मारल्या आणि पुरे म्हटलं, तिसरीपासून मी चाप ओढायच्या आधीच डोळे मिटत होतो, नेम कुठला राहतोय. कानाला प्लग आणि वरून मफ दोन्ही लावा, बंद रेंजमध्ये तर नक्कीच.

चहाच्या टेबलावरच्या वादाचा इतिहास पण इथलाच आहे. फिलिपिन्समध्ये मोरो लोकांशी लढताना अमेरिकन सैन्याला .३८ लाँग कोल्ट रिव्हॉल्व्हर अपुरं वाटलं. मग १९०४ मध्ये थॉम्पसन आणि लगार्ड या दोन अधिकाऱ्यांनी शिकागोच्या कत्तलखान्यात जनावरांवर वेगवेगळ्या गोळ्या मारून चाचण्या केल्या आणि .४५ पेक्षा लहान नको असं लिहून दिलं. तेव्हा चाचणीचे जिलेटिनचे ठोकळे नव्हते, मोजमाप नव्हतं, किती जनावर किती गोळ्यांनी पडलं एवढंच, त्या चाचण्यांवर आजही लोक शंका घेतात. पण त्यातूनच ब्राउनिंगचं .४५ पिस्तुल १९११ मध्ये सैन्यात आलं आणि १९८५ ला बेरेटा ९ एमएम येईपर्यंत टिकलं.

मग १९८६ ची मायामीची चकमक. दोन दरोडेखोर, एकाकडे रायफल, एफबीआयचे दोन एजंट गेले. एका दरोडेखोराला सुरुवातीलाच लागलेली ९ एमएमची गोळी हृदयाच्या अलीकडे थांबली आणि तो त्यानंतरही गोळ्या मारत राहिला. तिथून एफबीआयने पद्धतच बदलली, जिलेटिनच्या ठोकळ्यात गोळी किती आत जाते ते मोजायचं, १२ ते १८ इंच जायलाच हवी. आधी १० एमएमकडे गेले, तो झटका बऱ्याच एजंटना जड गेला, मग १९९० मध्ये .४० आलं, आणि २०१५ च्या आसपास परत ९ एमएमकडे. कारण तोवर फुलणाऱ्या गोळ्या इतक्या सुधारल्या की ठोकळ्यात तिन्ही जवळपास सारख्या दिसायला लागल्या, आणि ९ मध्ये झटका कमी, मॅगझिनमध्ये गोळ्या जास्त, पैसेही कमी. मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर हे.

वऱ्हाडी अभ्या

फुलणारी गोळी म्हणजे डमडम का?

खडकीकर काका

हो, मूळ कल्पना तीच. कलकत्त्याजवळच्या डमडमच्या कारखान्यात ब्रिटिशांनी .३०३ च्या गोळीचं टोक उघडं ठेवून बनवली होती. १८९९ ला हेगच्या परिषदेत युद्धात अशा गोळ्या वापरायला बंदी घातली, म्हणून सैन्याची गोळी पूर्ण तांब्याच्या आवरणातली असते. बाहेरच्या देशांत पोलिसांना ती बंदी लागू होत नाही, उलट गोळी माणसातून पार जाऊन मागच्या माणसाला लागू नये म्हणून ते फुलणारीच वापरतात.

राहुरीचा पाटील

माझ्याकडे आजोबांच्या वेळेपासूनचं .३२ रिव्हॉल्व्हर आहे, परवाना रीतसर माझ्या नावावर करून घेतलाय. ओळखीचा एक जण म्हणतो .३२ फारच कमजोर, काडतूस उघडून दारू थोडी वाढवून देतो म्हणजे .३८ सारखं चालेल. यात काही धोका आहे का?

खडकीकर काका

@राहुरीचा पाटील, अजिबात करू नका. हात जोडून सांगतो. तो माणूस परत आला तर दारातूनच पाठवा.

काडतुसाची ताकद नुसत्या दारूवर नाही, हत्यार किती दाब सोसतं यावर ठरते. .३२ लाँगची दाबाची मर्यादा १५,००० पीएसआय (दर चौरस इंचावर इतके पाउंड). .३८ स्पेशल १७,०००. .४५ एसीपी २१,०००. ९ एमएम आणि .३५७ दोन्ही ३५,०००. तुमच्या गाडीच्या टायरमध्ये ३२-३५ पीएसआय हवा असते, ९ एमएमच्या पुंगळीत त्याच्या हजारपट, तेही तुमच्या चेहऱ्यापासून दीड हातावर. .३२ ची ताकद कमी आहे कारण ती रिव्हॉल्व्हरं त्या दाबालाच बनवलेली आहेत, त्यात आजोबांच्या वेळचं म्हणजे लोखंड किती थकलंय देव जाणे. दारू वाढली की चक्री फुटते, बोटं जातात, डोळा जातो. आपल्याकडे गावठी कट्टे फुटतात त्याचं कारण हेच, साधी पाइपाची नळी आणि आत पूर्ण दाबाचं काडतूस.

कारखान्यात आम्ही प्रत्येक लॉटमधली काडतुसं दाब मोजायच्या नळीत मारून बघायचो. दारूचं वजन ग्रेनच्या अंशात तपासायचं, एक खोका संशयास्पद वाटला तर अख्खा लॉट बाजूला. तिथे ३४ वर्षं घालवलेल्या माणसाला असं काही वाचलं की झोप लागत नाही. शिवाय ते बेकायदा आहे, परवानाही जाईल. परवानाधारक गनस्मिथकडे नेऊन नळी, चक्री, घोडा एकदा तपासून घ्या, आणि काडतूस फक्त कारखान्याचं, खोक्यावर नाव वाचून.

राहुरीचा पाटील

काका, बरं झालं विचारलं. त्याला आजच फोन करून नाही सांगितलं. या आठवड्यात गनस्मिथकडे नेतो.

निवृत्त एपीआय

छान केलंत पाटील. आणि लग्नात वगैरे कोणी हवेत उडवायला मागितलं तर देऊ नका, २०१९ च्या दुरुस्तीपासून त्याला दोन वर्षांपर्यंत शिक्षा किंवा लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे. वर गेलेली गोळी कुठेतरी खाली येतेच.

सातारी बाबा

मंडळी, काय लिहू. दोन दिवस आम्ही बापलेक हा धागा वाचतोय. गुरुजी, तिने वहीत तुमचं सगळं कोष्टक स्वतः गणित करून तपासलं, सगळे आकडे जुळले, फक्त .४४ ला तिचं उत्तर १३०९ आलं, म्हणाली १३०० ठोकळ आहे ना मग चालेल. मग तिने स्वतःच्या जुन्या एअर पिस्तुलाचं काढलं, छर्रा अर्ध्या ग्रॅमचा, वेग १५० मीटर, आलं साडेपाच-सहा जूल. त्यावर बराच वेळ गप्प बसली. म्हणाली मनू भाकरने पॅरिसला दहा मीटरचं पदक एवढ्याशावर घेतलं.

आता तिचा पुढचा प्रश्न. पंचवीस मीटरच्या रॅपिडमध्ये टार्गेट तीन सेकंद दिसतं, सात सेकंद जातं, आणि तेवढ्यात हात खाली आणून परत उचलून एक गोळी. तिच्या .२२ पिस्तुलाचं वजन ११०० ग्रॅम आहे. तेच पिस्तुल ९ एमएमचं असतं तर मागे किती वेगाने आलं असतं? आणि सेंटर फायर (टोपी बुडाच्या मधोमध असलेल्या काडतुसांच्या) स्पर्धेत मोठा बोअर चालतो, मग तिथे ९ किंवा .३८ सोडून लोक .३२ का घेतात?

भौतिक गुरुजी

पोरगी हुशार आहे हो. गोळीचा संवेग भागिले पिस्तुलाचं वजन. .२२ चा ०.८, भागिले १.१, सेकंदाला सुमारे ०.७ मीटर. ९ एमएमचा २.७ भागिले १.१, जवळपास अडीच मीटर, वर दारूच्या वायूचा धक्का वेगळा. वेग साडेतीनपट म्हणजे हाताला सोसावी लागणारी ऊर्जा बारापट. तिला सांग, वर्ग करायला विसरू नकोस.

ऑस्टिनकर

सेंटर फायरचं उत्तरही त्याच गणितात आहे. तिथे ७.६२ ते ९.६५ मिलिमीटर बोअर चालतो, .३२ लाँगची चपट्या तोंडाची गोळी, तिला वॅडकटर म्हणतात, त्यात बसते. झटका सगळ्यात कमी, आणि कागदावर पंचने पाडल्यासारखं स्वच्छ गोल भोक पडतं, त्यामुळे रेषेला लागलंय की नाही यावर भांडण होत नाही. ज्याला सगळे कमजोर म्हणतात तेच तिथे पहिली पसंती. जसपाल राणाने १९९४ ला हिरोशिमाला आशियाई सुवर्ण घेतलं ते याच सेंटर फायर प्रकारात.

सातारी बाबा

तिला दाखवलं, बारापट वाचून ओरडलीच. काका, एक विनंती, .२२ पासून .४४ पर्यंतची काडतुसं शेजारी शेजारी कशी दिसतात ते एखाद्या चित्रात मिळेल का? तिला भिंतीवर लावायचंय.

खडकीकर काका

मिळेल. मापं तोंडपाठ आहेत, पट्टीने ए-फोर कागदावर खऱ्या आकारात काढतो, पुंगळी आणि गोळी वेगवेगळ्या रंगात. शनिवारपर्यंत स्कॅन करून इथे टाकतो. प्रिंट काढताना दुकानदाराला शंभर टक्के साइजलाच काढ म्हणून सांगा, 'फिट टू पेज' केलं की सगळी मापं चुकतात.

सातारी बाबा

वाट बघतो काका.